दुखणे थांबले, पण दाब तसाच : मानेतील स्फटिकांनी दबलेल्या मज्जारज्जूविषयी

आपले पत्र निपाणीहून आले आहे आणि त्यात चार-पाच प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून ते आधी थोडक्यात मांडतो. आपल्या आईंचे वय ७४. आयुष्यभर विड्या वळल्या, आता घरातले बघतात आणि जमेल तेवढ्या विड्या अजूनही वळतात. दीड महिन्यापूर्वी एकाएकी मान धरली, ताप आला, मान कोणत्याही बाजूला वळेना. मेंदूज्वराच्या शंकेने त्यांना बेळगावात दाखल केले, पाठीतून पाणी काढून तपासले, ते स्वच्छ निघाले. सीटी स्कॅनमध्ये दुसऱ्या मणक्याच्या सुळक्याभोवती कॅल्शियम दिसले, कागदावर ‘सीपीपीडी’, म्हणजे कॅल्शियमच्या एका क्षाराचे स्फटिक साठण्याचा आजार, असे निदान आले, गोळ्या सुरू झाल्या आणि चार दिवसांत ताप आणि दुखणे दोन्ही गेले. नंतर केलेल्या एमआरआयमध्ये मात्र मज्जारज्जू दबल्याचे दिसले आणि शल्यचिकित्सकांनी ऑपरेशन सुचवले. आपण विचारता की दुखणे गेले असताना ऑपरेशन कशाला. हा साठा तंबाखूबरोबर खाल्लेल्या चुन्याचा तर नाही. तो औषधाने विरघळणार नाही का. आणि हा टीबी किंवा कॅन्सर नाही हे कशावरून. पत्राच्या शेवटी, जाता जाता, आपण लिहिले आहे की गेल्या वर्षभरात आईंना ब्लाउजचे हुक लावायला वेळ लागतो आणि चालताना उजव्या पायातली चप्पल कधी निसटते हे त्यांना कळत नाही. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

आईंच्या मानेत दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. दोन्हींचे मूळ स्फटिकांतच असल्यामुळे त्या एकच वाटतात, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे स्फटिकांमुळे उठलेला दाह. तो झटक्यात आला, त्याने ताप आणला, मान जखडली, आणि तो औषधाने शमला. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच स्फटिकांनी व त्यांच्याभोवती जाड झालेल्या अस्थिबंधाने (हाडांना जोडणाऱ्या चिवट पट्ट्याने) वर्षानुवर्षे हळूहळू व्यापलेली जागा आणि तिथून जाणाऱ्या मज्जारज्जूवर पडलेला दाब. हा दाब बहुधा दुखत नाही. तो गोळ्यांनी कमीही होत नाही. त्यामुळे दुखणे थांबणे ही चांगली बातमी असली, तरी ती पहिल्या आजाराची बातमी आहे. दुसऱ्याविषयी ती काहीच सांगत नाही. हुक आणि चप्पल ही दुसऱ्याची लक्षणे आहेत. आईंना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय अंतिम मत देता येणार नाही, परंतु आपण लिहिले आहे तेवढ्यावरून माझा कल ऑपरेशनकडे आहे. त्याची कारणे आता क्रमाने सांगतो.

सीपीपीडी म्हणजे कॅल्शियम पायरोफॉस्फेट या क्षाराचे स्फटिक सांध्यांच्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरात, आणि अस्थिबंधांत साठणे. १९६२ साली अमेरिकेत डॅनियल मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाऊटसारखे (युरिक आम्लाच्या स्फटिकांनी होणाऱ्या संधिवातासारखे) सुजलेले गुडघे तपासताना, त्यातल्या पाण्यात युरिक आम्लाऐवजी हे वेगळे स्फटिक असल्याचे दाखवले, आणि म्हणून या आजाराला बराच काळ ‘खोटा गाऊट’ असेही म्हटले गेले. सूक्ष्मदर्शकाखाली हे स्फटिक आखूड आणि चौकटीच्या आकाराचे दिसतात, तर गाऊटचे लांब आणि सुईसारखे. गुडघा आणि मनगट ही त्यांची नेहमीची जागा. मान ही त्या मानाने क्वचित ओळखली जाणारी जागा. क्वचित होणारी असे मी मुद्दाम म्हटले नाही, कारण साठीच्या पुढच्या अनेकांच्या मानेत हे साठे काही त्रास न देता असतात आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटीमध्ये ते अचानक दिसतात.

आता चुन्याबद्दल. निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात तंबाखूचा आणि माणसाचा संबंध इतका जुना आहे की कागदावर कॅल्शियम हा शब्द दिसला की घरातल्या सगळ्यांची नजर चंचीतल्या चुन्याच्या डबीकडे जाते. हे स्वाभाविक असले तरी बरोबर नाही. या आजारात बिघाड कॅल्शियमचा नसून पायरोफॉस्फेटचा असतो. आपल्या पेशी ऊर्जेसाठी जे एटीपी वापरतात, त्याच्या विघटनातून कूर्चेतल्या पेशींभोवती पायरोफॉस्फेट तयार होते. वय वाढते आणि कूर्चा झिजते तसे त्याचे प्रमाण बिघडते आणि मग तिथे आधीपासून असलेल्या कॅल्शियमशी त्याचे स्फटिक बनतात. खाल्लेला चुना मानेत जाऊन बसत नाही. त्याचप्रमाणे दूध, नाचणी किंवा हाडांसाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद करूनही हा साठा कमी होत नाही. आपण आईंचे दूध बंद केले आहे असे लिहिले आहे. ते पुन्हा सुरू करावे, कारण चौऱ्याहत्तराव्या वर्षी ठिसूळ हाड ही आपल्याला न परवडणारी भर आहे. चुना फार मोठ्या प्रमाणात आणि वर्षानुवर्षे खाणाऱ्या काही जणांत रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास झाल्याचे आढळले आहे, पण तो वेगळा आजार आहे आणि साध्या रक्ततपासणीत कळतो. तंबाखू मात्र आईंना सोडावी लागेल, निराळ्या कारणासाठी : मणके स्क्रूने जोडायची वेळ आली, तर निकोटीन हाड जुळण्याच्या आड येते.

वयाखेरीज आणखी काही कारणे या स्फटिकांमागे असू शकतात आणि ती शोधणे स्वस्त आहे. परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींचे अतिकार्य, रक्तातील मॅग्नेशियमची कमतरता, शरीरात लोह साठण्याचा आजार आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) कमी असण्याचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार ही ती कारणे. रुग्ण साठीच्या आतला असेल तर यांचा कसून शोध घ्यावाच लागतो. आईंच्या वयात कारण बहुधा वयच असते. तरीही कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, अल्कलाइन फॉस्फेटेज, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, युरिक आम्ल आणि परावटू संप्रेरक एवढ्या तपासण्या एकदा करून घ्याव्यात, कारण यातले काही दुरुस्त करता येते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा अॅसिडिटीसाठी ओमेप्राझोलच्या जातीची गोळी त्या अनेक वर्षे घेत असतील, तर मॅग्नेशियम विशेष बघावे. आपल्याकडे ‘गॅसची गोळी’ दुकानातून आणून वर्षानुवर्षे घेतली जाते आणि विचारल्याशिवाय ती कोणी औषध म्हणून सांगत नाही.

मानेत हे स्फटिक नेमके कुठे बसतात हे समजले की पुढचे सारे सोपे होते. मानेचा पहिला मणका हा एक कडे आहे. दुसऱ्या मणक्यातून वर आलेला दातासारखा सुळका त्या कड्याच्या पुढच्या भागात उभा असतो, आणि आपण नकारार्थी मान हलवतो तेव्हा कडे या सुळक्याभोवती फिरते. मान डावी-उजवीकडे वळण्याचे जवळजवळ निम्मे काम या एकाच जोडाचे आहे. सुळका मागे घसरून मज्जारज्जूवर येऊ नये म्हणून त्याच्या पाठीमागून एक जाड आडवा अस्थिबंध गेलेला असतो. स्फटिक साठतात ते प्रामुख्याने या आडव्या अस्थिबंधात आणि सुळक्याच्या आसपासच्या ऊतींत. सीटीमध्ये सुळक्याच्या डोक्यावर पांढरी कड दिसते, आणि १९८५ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी या चित्राला ‘मुकुट घातलेला सुळका’ अशा अर्थाचे नाव दिले. २०२३ साली अमेरिकेतील व युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी सीपीपीडीचे जे वर्गीकरणाचे निकष ठरवले, त्यांत हे मानेचे चित्र, सांध्यातल्या पाण्यात स्फटिक प्रत्यक्ष सापडण्याच्या तोडीचे मानले गेले आहे. म्हणून आईंच्या कागदावरचे निदान केवळ अंदाजाने लिहिलेले नाही.

मेंदूज्वराची शंका घेणाऱ्या डॉक्टरांवर आपला थोडा रोख दिसतो. तो सोडून द्यावा असे मी सुचवेन. ताप, ताठ मान, रक्तात वाढलेले ईएसआर आणि सीआरपी हे दाहाचे निर्देशक असे चित्र असताना पाठीतले पाणी तपासणे योग्यच होते, कारण मेंदूज्वर चुकला तर दुसरी संधी मिळत नाही. नीट पाहिल्यास फरक असा असतो की मेंदूज्वरात हनुवटी छातीला टेकवणे अवघड होते, तर सुळक्याभोवतीच्या दाहात मान बाजूला वळवणे सर्वांत जास्त अडते. परंतु तापात कण्हणाऱ्या वृद्ध रुग्णात हा फरक पुस्तकात लिहिल्याइतका स्वच्छ सापडतोच असे नाही.

टीबीची भीती आपल्या भागात अनाठायी नाही. मानेच्या वरच्या टोकाचा टीबी आपल्या देशात अधूनमधून दिसतो. पण टीबी हाड खातो, भोवती पू साठवतो, आठवड्यांमागून आठवडे वजन आणि भूक कमी करतो, आणि तो कोल्चिसिन किंवा साध्या दाहशामक गोळ्यांनी चार दिवसांत पळत नाही. पसरलेल्या कॅन्सरचेही तसेच. आईंच्या सीटीत सुळक्याची कड शाबूत आहे आणि भोवती ढगासारखे पांढरे थर आहेत असे आपण पाठवलेल्या अहवालात लिहिले आहे, म्हणजे चित्र स्फटिकांशी जुळते. गुडघ्यांचा आणि मनगटांचा साधा एक्स-रे काढून घ्यावा. तिथे कूर्चेत पांढरी रेघ दिसली तर उरलीसुरली शंकाही मिटते, आणि त्यासाठी खर्च नगण्य येतो. ऑपरेशन झालेच तर निघालेला तुकडा तपासणीला जाईलच. तेव्हा शल्यचिकित्सकांना एक विनंती अवश्य करावी : तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनऐवजी शुद्ध अल्कोहोलमध्ये पाठवावा आणि प्रयोगशाळेने तो आम्लात टाकून मऊ करू नये. युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात बनवलेल्या द्रावणात विरघळून जातात आणि पायरोफॉस्फेटचे आम्लात. मग अहवालात नुसते ‘झीज झालेली ऊती’ असे येते आणि नातेवाईक पुन्हा पहिल्या प्रश्नावर येतात.

मानेत दाब आणणारे इतरही स्फटिक असतात, त्यांचा उल्लेख करून पुढे जातो. युरिक आम्लाच्या गाठी मणक्यात होऊ शकतात, आणि त्या मात्र औषधाने खरोखर विरघळतात. युरिक आम्ल ६ मिलिग्रॅमच्या खाली, गाठी असल्यास ५ च्या खाली ठेवले तर महिन्यांत-वर्षांत त्या आटतात. हायड्रॉक्सिअॅपटाइट नावाचा दुसरा कॅल्शियमचा क्षार मानेच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत) बसला तर गिळताना प्रचंड दुखते, पण मज्जारज्जू सहसा दबत नाही. मानेच्या खालच्या मणक्यांत मागच्या बाजूचा पिवळा अस्थिबंध स्फटिकांनी फुगतो आणि मागून दाब देतो. त्याचे ऑपरेशन वेगळे. उत्तर कर्नाटकाच्या कोरड्या तालुक्यांतून, जिथे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, येणाऱ्या काही रुग्णांत अस्थिबंध हाडासारखे कडक होऊन मज्जारज्जू दाबतात. तो आजार स्फटिकांचा नाही, मात्र सीटीवर वरवर पाहणाऱ्याला तो सारखा वाटू शकतो.

आता मूळ मुद्दा, म्हणजे मज्जारज्जू. पहिल्या मणक्याच्या कड्यात ढोबळमानाने एक तृतीयांश जागा सुळक्याची, एक तृतीयांश मज्जारज्जूची आणि उरलेली एक तृतीयांश मोकळी असते. ही मोकळी जागा असल्यामुळेच दाब बराच वाढेपर्यंत माणसाला काहीच कळत नाही, आणि ती संपली की लक्षणे सुरू होतात. पण ती दुखण्याच्या रूपाने येत नाहीत. हात ‘खोटा’ वाटू लागतो. बोटांत बळ असते, पण बारीक काम फसते. आईंसारख्या विडी वळणाऱ्या बाईंमध्ये हे फार लवकर पकडता येते, कारण त्या कामात बोटांची परीक्षा रोजच होते : भिजवलेले पान कात्रीने साच्यावर कापायचे, जर्दा सारखा पसरायचा, दोन्ही अंगठ्यांनी वळी घट्ट करायची, तोंडाची पाने नखाने आत मुडपायची आणि दोऱ्याचा फास एका झटक्यात आवळायचा. मज्जारज्जू दबला की सर्वांत आधी मुडपणे आणि दोरा बिघडतो. वळलेल्या विड्या सैल येतात, कारखान्यात छाट, म्हणजे नाकारलेल्या विड्या, जास्त निघते, हजाराचा हिशोब पुरा व्हायला संध्याकाळ उलटते, आणि घरचे म्हणतात की वय झाले. आपण आईंना एवढेच विचारावे की गेल्या दोन वर्षांत त्यांची छाट वाढली होती का. या एका उत्तरावरून त्रास किती काळ चालू आहे हे एमआरआयपेक्षा चांगले कळेल.

पायांत मज्जारज्जूचा दाब निराळा दिसतो. पाय जड किंवा ताठ वाटतात, अंधारात आणि डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, शेताच्या बांधावर चालताना पाऊल कुठे पडले ते कळत नाही, चप्पल मागे राहते. मान पुढे वाकवताच पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखे काही जणांना होते. लघवी लागल्यावर थांबवत नाही, किंवा उलट सुरू व्हायला वेळ लागतो; आपल्या घरांत आई मुलाला हे सांगत नाही, म्हणून सुनेने किंवा मुलीने विचारावे.

घरी करण्यासारखी एक तपासणी सांगतो. आईंना दोन्ही हात पुढे करून, जितक्या भराभर जमेल तितक्या भराभर मूठ पूर्ण उघडायला आणि पूर्ण मिटायला सांगावे आणि घड्याळ लावून दहा सेकंदांत ते किती वेळा होते ते मोजावे. साधारणपणे २० किंवा अधिक वेळा व्हायला हवे. त्याहून बरेच कमी होत असेल, किंवा बोटे उघडताना मनगट आपोआप वाकत असेल आणि करंगळी बाजूला पडत असेल, तर ते दाबाचे लक्षण आहे. सांध्यांच्या दुखण्याने बोटे अडकत असतील तर मात्र ही चाचणी फसवते. बाकीचे, म्हणजे गुडघ्याचे व हाताचे वाढलेले प्रतिक्षेप (रिफ्लेक्स), मधल्या बोटाचे नख टिचकावल्यावर अंगठा आपोआप वाकणे, तळपायाला ओरखडा काढल्यावर अंगठा वर जाणे, हे डॉक्टरांनीच पाहायचे. ऑपरेशन सुचवणाऱ्या डॉक्टरांनी हे सारे पाहिले का, की केवळ फिल्म उजेडासमोर धरून निर्णय दिला, हे आपण नम्रपणे विचारू शकता. फिल्मवरून निर्णय घेणे दोन्ही बाजूंनी फसते : फिल्म वाईट दिसणारे कित्येक जण वर्षानुवर्षे ठणठणीत असतात, आणि फिल्म बरी दिसणाऱ्या एखाद्याचा हात निकामी होत असतो.

एमआरआय आणि सीटी यांची कामे वेगळी आहेत, म्हणून दोन्ही लागतात. कॅल्शियम एमआरआयमध्ये नुसते काळे दिसते आणि ते काय आहे हे तिथे उमगत नाही. सीटी ते दाखवतो, पण मज्जारज्जूची अवस्था दाखवत नाही. एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या आत पांढरा डाग दिसला असेल तर दाबामुळे तिथे इजा सुरू झाली असे समजावे. याशिवाय मान पुढे वाकवून आणि मागे करून काढलेले दोन एक्स-रे लागतात. सुळका आणि पहिल्या मणक्याचे कडे यांतले अंतर प्रौढ माणसात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडत असेल तर जोड सैल झाला आहे. ऑपरेशन कोणते करायचे हे या दोन साध्या फिल्म ठरवतात, आणि आपण पाठवलेल्या कागदांत त्याच नाहीत. त्या आधी काढून घ्याव्यात, आणि मान हलवताना डॉक्टर समोर असावेत.

ऑपरेशन करावे की थांबावे याला एक मोजपट्टी आहे. हातांचे काम, चालणे, संवेदना आणि लघवीवरचा ताबा यांना मिळून १८ गुण दिले जातात. १५ ते १७ गुण म्हणजे सौम्य, १२ ते १४ मध्यम आणि त्याखाली तीव्र. २०१७ साली मणक्यांच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मानेच्या झिजेतून होणाऱ्या मज्जारज्जूच्या दाबासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनुसार मध्यम व तीव्र रुग्णांना ऑपरेशन सुचवावे, आणि सौम्य रुग्णांना ऑपरेशन किंवा देखरेखीखाली व्यायामोपचार यांपैकी निवड द्यावी. मात्र गुण घसरू लागले की थांबू नये. ही तत्त्वे स्फटिकांसाठी म्हणून लिहिलेली नाहीत, परंतु मज्जारज्जूला दाब कशाचा आहे याने फारसा फरक पडत नाही, म्हणून मी तीच वापरतो. हुक आणि चप्पल या दोन्ही तक्रारी वर्षभरात वाढत गेल्या असतील, तर आई थांबण्याच्या गटात बसत नाहीत. उलट हुकाचा त्रास बोटांच्या संधिवाताचा निघाला, चप्पल जुनी आणि सैल निघाली, प्रतिक्षेप नेहमीसारखे आले, तर दर तीन महिन्यांनी तपासत थांबणे पूर्ण रास्त आहे आणि मीही तेच सुचवेन.

ऑपरेशन साधारणपणे मानेच्या मागून केले जाते. पहिल्या मणक्याच्या कड्याची मागची कमान काढली की मज्जारज्जूला मागे सरकायला जागा मिळते. पुढचा साठा तिथेच राहतो, आणि याचे नातेवाइकांना नेहमी आश्चर्य वाटते. पण उद्देश जागा करण्याचा आहे, साफसफाईचा नाही. पूर्वी तोंडातून, घशाच्या मागच्या भिंतीतून जाऊन सुळकाच काढण्याचे ऑपरेशन जास्त होत असे. वृद्ध माणसाला ते फार जड जाते, आणि आज ते मोजक्याच रुग्णांना लागते. जोड सैल असेल तर पहिला व दुसरा मणका स्क्रू घालून पक्का करावा लागतो. या स्क्रूच्या पद्धतीचे एक मुख्य तंत्र मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ साली प्रसिद्ध केले आणि ते जगभर वापरले जाते, तेव्हा यासाठी कुणाला परदेशातील मशीन किंवा डॉक्टर शोधण्याची गरज नाही. जोड पक्का झाला की हालचाल थांबते आणि सुळक्यामागची गाठ पुढच्या काही महिन्यांत पुष्कळदा आटते. तिच्यातला कडक भाग मात्र तसाच राहू शकतो. याची किंमत अशी की मान वळण्याचे सुमारे निम्मे माप कायमचे जाते. हे आईंना आधी सांगावे. रस्ता ओलांडताना पुढे त्यांना अंगासकट वळावे लागेल.

जोड सैल नसेल तर केवळ कमान काढण्याचे लहान ऑपरेशन पुरते, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला तेच अधिक पसंत आहे. धोके दोन्हींत आहेत : रक्तस्राव, संसर्ग, मेंदूकडे जाणाऱ्या मणक्यातील धमनीला इजा, मज्जारज्जूलाच इजा. धमनीचा मार्ग प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो, म्हणून स्क्रू घालायचे असल्यास आधी तिचा सीटी अँजिओग्राम करून घ्यावा. भूल देताना मान मागे न ताणता नळी घालावी लागते, तेव्हा दुर्बिणीने नळी घालणारे भूलतज्ज्ञ त्या रुग्णालयात आहेत ना, हे विचारण्यात संकोच करू नये.

ऑपरेशननंतर काय मिळते हे स्पष्ट असावे. पहिला उद्देश आहे ती घसरण थांबवणे. त्यापुढे पुष्कळांचे हात सुधारतात, चालणे सुधारते, आणि ही सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक व नंतर वर्ष-दीड वर्ष हळूहळू होते. किती सुधारेल हे दाब किती काळ होता यावर फार अवलंबून असते. वर्षाच्या आत आलेल्यांना पाच वर्षे अंगावर काढलेल्यांपेक्षा जास्त मिळते, आणि ऑपरेशन लांबवण्यातला खरा तोटा हाच आहे.

औषधांविषयी. पायरोफॉस्फेटचे स्फटिक विरघळवणारे औषध आज उपलब्ध नाही. तसा दावा करणारे चूर्ण किंवा इंजेक्शन कुणी विकत असेल तर पैसे वाचवावेत. दाहाचा झटका पुन्हा येऊ शकतो आणि त्यावर कोल्चिसिन, दाहशामक वेदनाशामके किंवा थोड्या दिवसांचा प्रेडनिसोलोन असे तीन मार्ग आहेत. आईंचे क्रिएटिनिन वाढलेले असेल तर वेदनाशामके टाळावीत. मधुमेह असेल तर प्रेडनिसोलोन घेताना साखर रोज पाहावी. कोल्चिसिनने जुलाब लागले तर ते बंद करून डॉक्टरांना कळवावे, आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक त्याच्याबरोबर कधीही घेऊ नये. टीबीची शंका पूर्ण मिटल्याशिवाय प्रेडनिसोलोन लांबवू नये. झटके वारंवार येत असतील तर कोल्चिसिन कमी मात्रेत रोज देता येते.

आणि मानेला हात लावू देऊ नये. हाडवैद्याकडून मान बसवून घेणे, केस कापून झाल्यावर मान मोडून घेणे, तेल लावून जोरात चोळणे, वजने लावून मान ताणणे, हे सारे आईंच्या बाबतीत धोक्याचे आहे. जिथे मोकळी जागाच उरलेली नाही तिथे एक झटका हातपाय कायमचे घालवू शकतो. डोक्यावर गवताचा भारा, उसाची मोळी किंवा पाण्याची घागर घेणे बंद. भरधाव जीपमध्ये मागे बसण्यापेक्षा एसटी किंवा कार बरी, आणि पुढच्या सीटला डोके टेकवायला आधार असावा. मऊ पट्टा प्रवासापुरता ठीक. दिवसभर घातला तर स्नायू दुबळे होतात. न्हाणीघरात पकडायला दांडा आणि रात्री दिवा एवढी व्यवस्था आजच करावी, कारण अशा रुग्णांत पडणे हाच अचानक अपंगत्व येण्याचा सर्वांत मोठा रस्ता आहे.

दुसरे मत घ्यायचे असेल तर निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे आणि मिरजही दूर नाही. दुसरे मत घेण्याने पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. मात्र नुसत्या फिल्म न नेता सीटी व एमआरआयच्या सीडी न्याव्यात, आणि दोन्ही राज्यांत योजना वेगळ्या असल्याने कोणते कार्ड कुठे चालते ते दाखल होण्याआधीच विचारून घ्यावे. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेतून खासगी रुग्णालयात उपचार घ्यायचे असल्यास सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र लागते, आणि ते ऐनवेळी मिळवताना धावपळ होते. संमतिपत्र कानडी किंवा इंग्रजीत असेल तर ते आईंना मराठीतून पूर्ण समजावून मगच अंगठा किंवा सही घ्यावी. ऑपरेशन त्यांच्या मानेचे आहे.

या सगळ्याला दोन-तीन आठवडे लागले तरी चालतील. पण या काळात हात किंवा पाय दिवसागणिक लुळे पडत चालले, लघवी तुंबली, किंवा पडल्यानंतर हातपायांत मुंग्या आल्या, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता त्याच रात्री मणक्यांचे ऑपरेशन होणाऱ्या रुग्णालयात न्यावे : पाठीवर सपाट झोपवून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेली चादर लावून, आणि सीडी व चालू औषधांची पिशवी बरोबर घेऊन.